उघडी ठेवायची डबी

आमच्या घरात उघडं असं काही नसायचं. टीव्हीला झबलं, रेडिओला चामड्याचं घर आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी, शिवणयंत्राला जुन्या लुगड्याचा गुंडाळा. कात्रीला खोबरेल लावून ती कागदात, कागद पिशवीत आणि पिशवीला सुतळी. वीज गेली की टॉर्च शोधायची, ती सोडवायला बसायचं, आणि ती हातात येईस्तोवर वीज परत आलेली असायची. बाबा चिडायचे. आई म्हणायची, "चिडा. पण पेटवली की पेटते ना? शेजारच्यांची बघा, सेल सुजून आतच चिकटलेत." आई मिठागरावरची होती. खाडीच्या तोंडाशी तिचं माहेर, बारा महिने खारा वारा. तिथं दाराचे कोयंडे हातात गळून यायचे नि सुया पेटीतल्या पेटीत गंजायच्या. म्हणून जे टिकावंसं वाटतं ते बांधून ठेवायचं, ही तिकडची रीत. पेण गावातली हवा तेवढी खारट नाय, पण आईच्या हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुऊन ती न्हाणीच्या भिंतीवर वाळत चिकटवायची, आणि मिठाच्या गोणीचं तोंड बांधतात तशी गाठ मारायची. ती गाठ दातांनीही सुटत नसे, ती फक्त तिलाच सुटायची.

आता माझी पन्नाशी उलटलीय. परवा सुनेनं टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक चढवलं तर मी ते फाडून टाकलं आणि वर तिलाच चार शब्द ऐकवले. ती बिचारी तुकडे गोळा करून आत गेली. नवऱ्याला म्हणाली असेल, तुझ्या आईचं डोकं फिरलंय. फिरलंय तर फिरलंय. का फिरलंय ते मी कधी कोणाला सांगितलं नाही, ते इथं लिहून ठेवते.

आमचं घर म्हणजे गणपतीचा कारखानाच होता. पेणमध्ये अशी घरं गल्लोगल्ली. पुढच्या पडवीत साचे, मधल्या खोलीत रंगकाम, मागं वाळवणीची खोली. राहायचं कुठं, तर उरलेल्या जागेत. सकाळी पॉलिश पेपरची खसखस सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत, मधेच कंप्रेसर धडधडायचा, आणि त्या सगळ्यावर आईच्या लाटण्याचा आवाज, कारण ती पोह्याचे पापड करून द्यायची. ऊन असलं की अंगणात एका बाजूला पापड नि एका बाजूला गणपती वाळत. भाकरीवर पांढरी पूड बसायची, ती फुंकून खायची. सुकटाची चटणी, वालाचं बिरडं, भात, आणि सगळ्याला थोडी थिनरची चव. श्रावणात ऊन नसायचं तेव्हा वाळवणीच्या खोलीत शेगड्या नि मोठाले दिवे लावून मूर्ती सुकवायच्या. त्या खोलीत गेलं की कानशिलं तापत. तिथून मधल्या खोलीत यायचं तर लांब चिंचोळी वाट होती, दोन्ही बाजूंना फळ्यांची मांडणी आणि मांडणीवर मूर्ती.

मूर्तीचं शेवटचं काम आखणीचं, म्हणजे डोळे काढायचं. रंग कोणीही देतो, मी देत होते, बारावी नापास होऊन घरी बसल्यावर पीतांबराच्या किनारी मीच काढायची. पण डोळे फक्त मोहनदादा काढायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. बाबांचा हात कापायला लागल्यापासून आमच्या कारखान्यातला प्रत्येक गणपती दादाच्या डोळ्यांनी बघत होता. मोजक्या केसांचा ब्रश, श्वास धरायचा, वरची पापणी एका ओढीत. अर्धवट ओढ पुसून परत काढली तर ती मूर्ती रडकी दिसते, असं तो म्हणायचा. तरी तो हे काम सोडून रोह्याला कंपनीत लागला होता, कारण गणपती काय, पावसाबरोबर येतात नि पावसाबरोबर जातात. रोह्याची गाडी पकडून तो शिफ्टला जायचा. सुट्टीच्या दिवशी बसून आखणी करायचा. एका शिफ्टला तो टाकीच्या शिडीवरून पडला. कमरेखालचं सगळं गेलं. कंपनीनं काय दिलं नि काय दिलं नाही ते मी इथं उगाळत बसत नाही. आईनं त्याचे कंपनीचे बूट, हेल्मेट, डबा, सगळं उचललं आणि नदीवर जाऊन टाकून आली. काही बांधून ठेवलं नाही. त्यानंतर चाकाचं नि मोटरचं काही दिसलं की ती तोंड फिरवायची.

दादा घरी आला तो त्या मधल्या खोलीतल्या कोपऱ्यात, पाटावर गादी टाकून. हात चांगले होते. हातच काय ते होते. वाळलेली मूर्ती मी त्याच्यापुढं ठेवायची, डोळे झाले की उचलून मांडणीवर न्यायची. "मंदे, आण." "मंदे, ने." दिवसभर हेच. मला कंटाळा यायचा आणि तो मी लपवत नव्हते, माझा स्वभावच तसा, तोंडावर दिसतो. मग हळूहळू त्यानं हाक मारणं कमी केलं. झालेली मूर्ती पुढ्यात ठेवून तो नुसता बसून राहायचा, मी आपण होऊन येईपर्यंत. एकदा आई म्हणाली, "मंदे, तो पाणी पीत नाय गो." मी म्हटलं, तांब्या तर भरलेला असतो. आई म्हणाली, "तेच सांगतंय. तांब्या भरलेलाच असतो." पाणी प्यायलं की बाबांना नि मला त्याला उचलून मागं न्यावं लागायचं, म्हणून त्यानं पाणी सोडलं होतं. ऐन पंचविशीतला माणूस ओठ सुकवून बसलेला आणि त्याच्यासमोर रांगेनं हसरे गणपती. त्याला हाक न मारता करता येईल असं एक तरी काम हवं होतं. एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्यानं कधी तोंडानं मागितलं नाही.

इकबाल त्याचा रोह्याचा दोस्त, कंपनीत एकाच शिफ्टला असलेला. दादा पडल्यावर तो नोकरी सोडून आखाती देशात गेला, त्याच्या गल्लीतले निम्मे तिकडेच होते. सुट्टीवर आला तो आमच्याकडे एक गाडी घेऊन आला. खेळण्यातली, पण खेळणं म्हणवणार नाही अशी, हातभर लांब, मोठ्या चाकांची, रिमोटवर चालणारी. त्याच्या मालकाच्या पोरानं नवीन मिळाली म्हणून टाकून दिलेली. "काकी, भिऊ नका, चावत नाय," असं आईला म्हणत त्यानं ती अंगणात सोडली. कुईं करून ती सुटली आणि कोंबड्या कुंपणावर चढल्या. दादाच्या हातात रिमोट दिला. दादानं ती पडवीतून, साच्यांच्या मधून, उंबरठ्यापाशी वळवून स्वतःच्या पायांपाशी आणून उभी केली. बरेच महिने त्यानं काही स्वतःजवळ बोलावून घेतलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मागच्या दारी जाऊन उगाच भांडी घासत बसले.

जेवताना इकबालनं गाडी उलटी केली आणि तिच्या पोटातली काडेपेटीएवढी डबी दाखवली. डबीला वरून अॅल्युमिनियमच्या बारीक पाकळ्या होत्या. "मोहन्या, हिचा जीव हिच्यात हाय. बॅटरीतला करंट मोटरला किती सोडायचा ते ही डबी ठरवते. पण गाडीला जड काम दिलंस की ही तापते. पाकळ्या कशाला दिल्यात, तर वारा लागावा म्हणून. ही कायम उघडी ठेवायची." दादानं विचारलं, तापली तर बंद पडेल, दुसरं काय? इकबाल म्हणाला, "बंद पडली तर नशीब. बहुतेक वेळा उलटं होतं. आतलं जळून एकमेकांत चिकटतं आणि बॅटरी सरळ मोटरला लागते. मग रिमोट सोड, बटन बंद कर, ऐकणार नाय. तार उपटेपर्यंत फुल स्पीड." आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं यातलं किती ऐकलं ते मला आजवर ठाऊक नाही.

इकबाल गेल्यावर दादानं गाडीचं रंगीत कवच काढून टाकलं आणि वर प्लायवूडची फळी बसवली, कडेनं पट्ट्या ठोकून, फळीवर काथ्याचा तुकडा, म्हणजे मूर्ती हलू नये. गाडीची बॅटरी लगेच संपायची म्हणून बाबांच्या जुन्या स्कूटरची बॅटरी बांधली. वाळवणीच्या खोलीत मी मूर्ती फळीवर ठेवायची, गाडी त्या चिंचोळ्या वाटेनं दादापर्यंत जायची, तो मूर्ती उतरवून घ्यायचा, डोळे काढायचा, परत चढवून पाठवायचा. हाक नाही, काही नाही. नुसता तो कुईं आवाज, सुटताना चढणारा आणि थांबताना उतरणारा. पण धावायला केलेल्या गाडीला आम्ही ओझं वाहायला लावलं होतं, आणि तेही शेगडीच्या खोलीतून. पहिल्याच दिवशी चार खेपांनंतर दादानं डबीच्या पाकळ्यांवर बोट टेकवलं आणि झटकन काढलं. मग त्याचा सगळा जीव त्या डबीत गुंतला. फळीला भोकं पाडली. मोटरवरचं छोटं दातेरी चाक बदलून आणखी छोटं बसवलं, गाडी मंद झाली पण डबीला कमी ओढावं लागलं. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर काढून पावडरच्या डब्याच्या पत्र्याची पाती लावली आणि डबीवर पंखा केला. आमच्या डोक्यावर पंखा नव्हता, डबीच्या डोक्यावर होता. थोड्या खेपा झाल्या की गाडी उलटी करून फरशीवर ठेवायची, बोट टेकवून बघायचं, बोट राहिलं तर पुढची खेप.

तेवढ्यानं भागेना, तेव्हा मोठ्या पाकळ्यांचा तुकडा आणायला त्यानं मला रोह्याला पाठवलं. इकबालची आई मला घेऊन कंपन्यांच्या रस्त्याला भंगारवाल्याकडे गेली. उग्र वास, पिवळट पाणी वाहतंय, ढीगभर पत्रे. भंगारवाल्यानं कसल्यातरी फुटलेल्या पॅनलमधून अॅल्युमिनियमचा फणीसारखा तुकडा काढून दिला. इकबालच्या आईनं घरी नेऊन तांदळाची भाकरी नि कोलंबीचं कालवण वाढलं, आणि निघताना म्हणाली, "मोहनला सांग, इकबाल तिकडं गेला तरी हे घर गेलेलं नाय." घरी आल्यावर दादानं तो तुकडा उलटसुलट करून बघितला, अंगठ्यानं त्याच्यावरचा अर्धवट पुसलेला आकडा चोळला आणि म्हणाला, "आमच्याच प्लांटचा दिसतोय." मग कानस घेऊन घासायला बसला. तो तुकडा डबीवर बसल्यापासून बोट राहू लागलं.

आता उरली ती धूळ. मूर्ती घासल्याची पांढरी पूड हवेत असायची, ती पाकळ्यांच्या मधे बसायची, आणि श्रावणातल्या दमट हवेनं तिचा लगदा व्हायचा. दादा रोज सकाळी गाडी उलटी करून ब्रशनं पाकळ्या साफ करायचा. तोच ब्रश, आखणीचा, जुना झालेला. आणि कुरकुरायचा, "ही धूळ नि ही ओल एक दिवस हिचा जीव घेणार." दिवसातून दहादा तरी म्हणायचा. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आई मात्र ऐकत होती.

आईनं त्या गाडीला घूस नाव ठेवलं होतं. "आली तुझी घूस," म्हणायची आणि लुगडं आवरून बाजूला व्हायची. ती गाडी ओलांडायची नाही, तिच्यावर काही ठेवायची नाही, केर काढताना तिच्याभोवतीचा केर तसाच सोडायची. दादा हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते लागायचं. घरात आपण एक गोष्ट उभी केली आणि आईनं तिच्याकडे पाठ केली. मी आईशी भांडलेही. म्हटलं, ती घूस आल्यापासून तुझा मुलगा पाणी प्यायला लागलाय, तेवढं तरी बघ.

गणपती पंधरवड्यावर आले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मी रंग कालवत बसले होते. दादानं नेहमीप्रमाणे गाडी पुढ्यात ओढून उलटी केली होती. आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, पण दादाच्या हातात न देता दारातच थांबली. म्हणाली, "घुशीला पाठव इकडं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दादानंही तिच्याकडे बघितलं. मग त्यानं गाडी सुलटी केली, वळवली, आईच्या पायांपाशी नेली. आईनं वाकून कपबशी फळीवर ठेवली, काथ्यात नीट बसवली आणि म्हणाली, "जा. सांडलास तर बघ." गाडी चहा घेऊन दादाकडे गेली. निम्मा बशीत सांडला होता. दादा हसत होता, आईनं पदर तोंडाला लावला होता, मीही हसले. त्या घरात दादा पडल्यापासून तिघं एकदम हसलो ते तेवढंच.

दुपारी बाबा टेंपोबरोबर रोह्याला गेले होते, तिकडच्या गणपतींची पहिली खेप घेऊन. घरात घाई होती, मूर्ती मागून मूर्ती. मी मोठ्यातली एक मूर्ती फळीवर चढवली आणि मागच्या दारी आईला पापडाची लाटी द्यायला गेले. गाडी सुटल्याचा आवाज आला. चढला. आणि उतरलाच नाही. तो तसाच चढत राहिला, मग काहीतरी आपटलं, मूर्ती फुटल्याचा आवाज झाला, आणि तरी कुईं चालूच. आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी धावले. गाडी दादाला ओलांडून मांडणीच्या पायात घुसली होती, चाकं जागच्या जागी फिरत होती आणि पोटातून काळा धूर येत होता. त्या मांडणीखाली थिनरचे डबे होते, बाजूला मूर्ती बांधायचा पेंढा, वर डोळे झालेले सगळे गणपती. दादा पाटावरून सरपटत तिथपर्यंत पोचला होता. मी दारात पोचले तेव्हा त्याचा हात गाडीच्या पोटात होता. त्यानं बॅटरीची तार धरली होती, पण तार नि डबी नि आणखी काहीतरी वितळून एक झालं होतं, आणि ते सगळंच त्याला मुठीत धरून उपटावं लागलं. चाकं थांबली. दादा ओरडला नाही. हात तसाच पुढं धरून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पाणी आण, मंदे." त्या हातावर प्लॅस्टिक चिकटलं होतं आणि ते अजून जळत होतं.

कोणी म्हणे शाई लावा, कोणी म्हणे टूथपेस्ट. मी सगळ्यांना हाकललं आणि त्याचा हात पाण्याच्या बादलीत दाबून धरला. दवाखान्यात डॉक्टरांनी प्लॅस्टिक चिमट्यानं सोलून काढलं, त्याच्याबरोबर कातडी आली. अंगठा आणि पहिली दोन बोटं. जखमा भरल्या तशी ती बोटं आत ओढत गेली नि तिथंच राहिली. पेन धरता येईना, घास धरता येईना, ब्रशची तर गोष्टच सोडा. त्या दिवशी आग लागली नाही, गणपती वाचले, घर वाचलं, असं सगळे म्हणत होते. मला त्यांना तळतळाट द्यावेसे वाटत होते.

दवाखान्यातून घरी येऊन मी केर काढला तेव्हा ते वितळलेलं गाठोडं माझ्या हाती लागलं. आत डबी, तिच्याभोवती दुधाच्या पिशव्यांचे थर, आणि एका कोपऱ्याला न जळलेली सुतळी. सुतळीला मिठाच्या गोणीची गाठ. धूळ नि ओल हिचा जीव घेणार, असं तो म्हणत होता ना, म्हणून तो झोपला असताना तिनं डबी बांधली होती. पंख्याची पातीसुद्धा आतच. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गाडीला घरातली वस्तू मानायला लागली होती, आणि घरातल्या वस्तूला ती जे करायची तेच तिनं केलं. मी ते गाठोडं पदराखाली घेऊन भोगावती नदीच्या पुलावरून खाली टाकलं. बाबांना सांगितलं, धुळीनं शॉर्ट झाली. बाबांनी मान हलवली. दादाला कोणी विचारलं नाही. आईनं कोणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

उरलेल्या मूर्तींचे डोळे मी काढले. गिऱ्हाइकं दारात येऊन थांबत होती, दुसऱ्या कारखान्यातला आखणीवाला त्या दिवसांत मिळत नाही. दादा शेजारी बसायचा, हाताला बँडेज, आणि सांगायचा, "श्वास धर. वरची पापणी एका ओढीत. थांबू नकोस." माझ्या मूर्ती सगळ्या किंचित खाली बघायच्या, काही केलं तरी. मी रडकुंडीला आले की तो म्हणायचा, "असू दे. देव पाटावर बसतो, माणसं खालीच बसलेली असतात." स्वतःच्या हातानं परत एकदा काढून बघू, असं तो कधी म्हणाला नाही. डाव्या हातानंही नाही. पुढं कोपऱ्यावर त्यानं टपरी टाकली, आधी एसटीडीचा फोन, मग मोबाइलचे रिचार्ज. अजून तिथंच असतो, चाकांच्या खुर्चीत.

त्या वर्षी गणपती गेल्यावर आईनं घरातली सगळी झबली काढली. टीव्ही, रेडिओ, शिवणयंत्र, कात्री, सगळं उघडं. एका दिवसात बसून तिनं सगळ्या गाठी सोडल्या आणि पिशव्या अंगणात जाळल्या. बाबांना वाटलं काही नवस असेल. पुढच्या पावसात कात्री गंजली, शिवणयंत्र अडकायला लागलं, तरी तिनं परत काही बांधलं नाही. थंडीत गोधडीसुद्धा ती पायांवरच घ्यायची.

बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न होऊन मुलं झाल्यावर, मी माहेरी आले असताना दादा टपरीत बसल्या बसल्या म्हणाला, "मंदे, ती पिशवी मी बघितली होती." कुठली पिशवी, असं मी विचारलं नाही. तो म्हणाला, "सकाळी ब्रश मारायला गाडी उलटी केली तर डबी बांधलेली. तिची गाठ. मी दातांनी सोडवायला घेतली होती. तेवढ्यात ती चहा घेऊन आली नि म्हणाली, घुशीला पाठव. तेव्हा कशी सोडवणार होतो? तिच्यासमोर? म्हटलं, ती दुपारी पापडाला बसली की सोडवू. मग मूर्ती येत राहिल्या." मी म्हटलं, अरे पण तुला ठाऊक होतं काय होतं ते. "व्हय," तो म्हणाला. "ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?" मग गिऱ्हाईक आलं, त्यानं त्याला रिचार्ज करून दिलं, तीन बोटं आत मुडपलेल्या हातानं वही दाबून धरत, डाव्यानं लिहीत. ते गेल्यावर म्हणाला, "तिला वाटतंय मला कळलंच नाय. तसंच वाटू दे. तू काय बोलू नको." मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. एका चहासाठी हात दिला या माणसानं. राग कशाचा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. त्याआधी महिनाभर मी पेणला येऊन राहिले होते. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, दादा बाहेर पडवीत खुर्चीत बसला होता, जिथं पूर्वी साचे असायचे. आईनं चमचा बाजूला केला आणि हळूच म्हणाली, "मंदे, त्याला कधी कळलं का गो? ते मी बांधलं होतं ते?"

मी म्हटलं, "काय बांधलं होतंस?"

"उगाच विचारू नको. तुला ठावं हाय. तूच टाकून आलीस ना ते."

इतकी वर्षं तिला तेही ठाऊक होतं. मी पेजेची वाटी खाली ठेवली. आई छताकडे बघत बोलत होती. "त्याला ठावं नसंल तर नशीब. पण कधी कधी मनात येतं, त्यानं बघितलं असंल. आणि माझं मन मोडू नये म्हणून तसंच ठेवलं असंल. तो तसाच हाय. तसं असंल तर मी त्याला वर जाऊन तरी काय तोंड दाखवू?"

"नाय आई," मी म्हटलं. "त्याला वाटतं धुळीनं झालं. अजून तेच वाटतं त्याला."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही. मग तिनं तोंड उघडलं, मी पेज भरवली, ती तिनं सगळी संपवली. त्या महिन्यात सगळी संपवली ती तेवढीच.

वाटी धुवायला बाहेर आले तर दादानं खुर्ची दाराकडे वळवली होती. "काय म्हणत होती?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "पाणी मागत होती."